‘पाहिजे’चा कर्ता

परिचारिका प्रशिक्षण संस्थेच्या इतिहासासाठी मी साधने जमवत होते, तेव्हा वेळापत्रकातला एक तास मला सतत खटकत असे. शरीरशास्त्र, औषधे, मलमपट्टी, पथ्य हे विषय परिचारिकांना का शिकवावेत, असे कोणी विचारत नाही. परंतु पहिल्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीच्या अगदी आधीच्या तासाला, ‘नीतिविचार आणि युक्तिवाद : प्राथमिक ओळख’ असा विषय वर्षानुवर्षे टिकून होता. तो कोणी सुरू केला आणि कशासाठी, याचा पुरावा मला मिळाला नाही. ज्या माजी विद्यार्थिनींना मी भेटले, त्यांपैकी बहुतेकींना विषयाचे नावही धड आठवत नव्हते. शिकवणाऱ्याचे मात्र सगळ्यांच्या तोंडी होते, आणि तेही खरे नाव नव्हे. सगळ्या त्यांना ‘पाहिजेसर’ म्हणत.

पुढे जे लिहिले आहे ते सरांनी, त्यांच्या भाचीने आणि पुनर्वसन केंद्रातल्या एका सिस्टरने मला वेगवेगळे सांगितले. तिघांचे जेथे जुळले नाही, तेथे मी तसे नोंदवले आहे.

सर उंच, मानेत किंचित वाकलेले. शर्टाचा खिसा खडूच्या धुळीने कायम पांढरा. वर्गात आले की ते फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारत, डावीकडे ‘पाहिजे’ असे लिहीत, आणि उजवीकडेही पुन्हा ‘पाहिजे’च लिहीत. नव्या मुली एकमेकींना कोपराने ढोसत.

“मला पाणी पाहिजे,” सर डावीकडे बोट ठेवून म्हणत. “मी पाणी द्यायला पाहिजे.” बोट उजवीकडे. “एकात इच्छा आहे, दुसऱ्यात कर्तव्य. आपल्या भाषेने दोघांना एकच सदरा घातलाय. सदऱ्याच्या आत कोण आहे ते बघणं, एवढाच आपला विषय. बाकी सगळं परीक्षेपुरतं.”

यानंतर पाण्याची गोष्ट येई. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवलेल्या एका रुग्णाबद्दल, पाळी संपवून निघालेल्या परिचारिकेने वॉर्डातल्या फळ्यावर लिहिले, ‘पाणी पाहिजे’. तिला म्हणायचे होते की रुग्ण पाणी मागतो आहे, सांभाळा. पुढच्या पाळीच्या परिचारिकेने ती सूचना समजून पेलाभर पाणी पाजले आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. ही गोष्ट मी अनेकींकडून ऐकली, दर वेळी रुग्ण वेगळा आणि वॉर्ड वेगळा. अशी घटना खरोखर घडल्याचा कागद मला कुठेही मिळाला नाही. सरांना तसे सांगितले तेव्हा ते खळखळून हसले.

“घडली असेल, नसेल. मी ती माझ्या आधीच्या सरांकडून उचलली. खोटी निघाली तर सत्यता गेली म्हणा. उपयोग कुठे गेला?”

तास जेवणाआधीचा असल्यामुळे वर्गाचे लक्ष घड्याळाकडे असे, आणि सरांना त्याचा राग नव्हता. ते भुकेचाच उदाहरणादाखल वापर करीत. एका वर्षी एका मुलीने उभे राहून सांगितले, “सर, आम्हाला लवकर सुट्टी पाहिजे.”

“डावा खण. कोणाची ना नाही. आता उजव्या खणात टाकून दाखव.”

“आम्हाला लवकर सुट्टी मिळायला पाहिजे.”

“का?”

“आम्ही दमलोय म्हणून.”

“म्हणजे जो जो दमला, त्याला सुट्टी मिळायला पाहिजे. असंच ना? वॉर्डातले सगळेच दमलेले असतात.”

“मग रुग्णांनाच सोडा सर, आम्ही इथे बसतो.”

वर्ग खदखदला. सरांनी तो युक्तिवाद तसाच फळ्यावर मांडला: वर आधार, खाली निष्कर्ष, मध्ये आडवी रेघ. नंतर ‘आम्ही दमलो आहोत’ आणि ‘सुट्टी मिळायला पाहिजे’ यांच्या मधल्या जागेवर त्यांनी खडू आपटला. “नुसत्या ‘आहे’मधून ‘पाहिजे’ कधीच निघत नाही. कोणी काढून दाखवला, तर समजा मध्ये एक विधान लपून बसलंय. ते बाहेर ओढा, उजेडात बघा, मग ठरवा पटतंय का.”

मुलींनी त्याला स्वतःचे नाव दिले: खाटेखालचे विधान. वॉर्ड झाडताना खाटेखाली काय काय सापडते हे त्यांना चांगले ठाऊक होते. पुढे एखादीने तावातावाने काही सांगितले की दुसरी विचारी, “खाटेखाली काय आहे तुझ्या?” हा वाक्प्रचार संस्थेत आजही ऐकू येतो. वापरणाऱ्यांना त्याचा उगम माहीत नसतो.

वैध, म्हणजे आधारातून खरोखर निघणारे, आणि सत्य यांतला फरक ते असाच वॉर्डातून शिकवीत. “ताप चढताना माणसाला थंडी वाजते. या माणसाला थंडी वाजतेय. म्हणून याला ताप चढतोय. बरोबर?” मागच्या बाकावरची मुलगी न उठता म्हणाली, “खिडकी उघडी असेल, सर.” सरांनी तिच्याकडे वळून खडू उंच धरला, जणू मानवंदना दिली. हीच मुलगी त्यांच्या विषयात दोनदा नापास झाली. मैत्रिणी तिला ‘फेरपरीक्षा’ म्हणू लागल्या, आणि ती स्वतःही हे नाव मजेने सांगते. आता ती पुनर्वसन केंद्रात सिस्टर आहे. या हकिकतीत ती पुढे येते.

आता सरांच्या ताईंविषयी. आईवडील लवकर गेले तेव्हा सर शाळेत होते आणि ताई नुकत्याच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या होत्या. कानावर हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात वायरी, आणि दिवसभर एकच वाक्य, गोड पण घाईच्या आवाजात: “कोणता नंबर पाहिजे?” त्या आवाजावर घर चालले. धाकट्या भावाला, ज्याला त्या ‘बारक्या’ म्हणत, त्यांनी शिकवले. तत्त्वज्ञान घेतो म्हणाला तेव्हा नातेवाइकांनी ताईंना बोल लावला की पोराचे वाटोळे करते आहेस. ताईंनी विचारले, “त्यात परीक्षा असते ना? मग झालं.” लग्न त्यांनी उशिरा केले, संसारही थोड्याच वर्षांचा लाभला. एक मुलगी. ही सरांची भाची, बँकेत काम करणारी, तोंडाने फटकळ.

उपकार आणि कृतज्ञता हा सरांच्या अभ्यासक्रमातला शेवटचा धडा. तो शिकवताना ते ताईंचे उदाहरण देत, असे अनेकींनी सांगितले. सर स्वतः म्हणतात, कधीच दिले नाही. इथे पुरावे परस्परविरोधी आहेत. मला दोन्ही बाजू शक्य वाटतात, कारण मनात असलेले उदाहरण चेहऱ्यावरून वाचता येते.

ताईंना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा सर निवृत्तीच्या जवळ पोहोचले होते. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळे होते, ओठांवर मात्र येत नव्हते. रुग्णालयातून त्यांना पुनर्वसन केंद्रात हलवले. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हात आणि बोलणे परत यायचे असेल, तर ते मुख्यतः पुढच्या काही महिन्यांतच येईल. रोज व्यायाम आणि रोज वाचेचा सराव लागेल, तो घरी नीट होणार नाही. सर संस्थेतला तास संपवून दुपारी येत आणि रात्रीचे जेवण वाटेपर्यंत बसत. पत्नी घरी एकट्या जेवत.

असेच एका संध्याकाळी, दिवे लागण्याच्या सुमारास, ताई बोलल्या. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताणली, आणि शब्द आले.

“घरी… पाहिजे.”

सर खुर्चीतून ताडकन उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. डॉक्टरांनी आनंद दाखवला, पण जपून. “या ऑपरेटर होत्या ना? जन्मभर जो शब्द तोंडात होता, तो आधी परत येतो. कधी कधी त्याला अर्थ नसतो. लगेच अर्थ लावू नका.”

सरांनी अर्थ लावला होता. त्याच आठवड्यात त्यांनी दिवाणखान्यातले सोफे हलवले, बाजूंना कठडे असलेली खाट आणली, स्नानगृहात भिंतीला दांडा बसवून घेतला. राजीनामा लिहून ठेवला. ताईंना नेण्यासाठी गाडी ठरवली. मग भाचीला बोलावले आणि केंद्राच्या उपाहारगृहात, दोन कप चहा समोर ठेवून, तिच्यापुढे युक्तिवाद मांडला. भाचीला तो शब्दशः आठवतो.

“सज्ञान माणसाच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. ताई सज्ञान आहे. तिची इच्छा घरी येण्याची आहे. म्हणून तिला घरी नेलं पाहिजे. यात चूक असेल तर दाखव.”

“मामा, मी तुझी विद्यार्थिनी नाही.”

“म्हणूनच विचारतोय. चूक दाखव.”

“डॉक्टर म्हणतात इथे राहिली तर बोलायला लागेल. आत्ता नेलीस तर त्याच दोन शब्दांवर राहील जन्मभर. हे नाही का तुझ्या फळ्यावर?”

“परिणाम चांगला होईल म्हणून माणसाला त्याच्या मनाविरुद्ध डांबायचं? तुला इथे बरं पडतं. बँकेतून दोन रस्ते. आलीस, तोंड दाखवलंस, गेलीस.”

हे वाक्य बोलल्याचे सरांना आठवत नाही. भाचीला विसरता येत नाही. तिने कप बाजूला सरकवला.

“बरं. मग मीही विचारते, तुझ्याच भाषेत. घरी म्हणजे कोणाच्या घरी? आईचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना चढता येत नाही. म्हणजे तुझ्या. आता सांग. आईला घरी पाहिजे, की तुला आई घरी पाहिजे?”

सर उठून गेले. चहा तसाच राहिला. त्यानंतर मामा-भाची एकमेकांच्या वेळा टाळून येऊ लागले.

ताईंचा पुढचा सगळा काळ या भांडणाच्या निकालावर अवलंबून होता. कायद्याने सही भाचीची लागत होती, परंतु भाचीने मला सांगितले की ती हरत आली होती. “आईने खरंच तसं मागितलं असेल तर? मीच तिला अडवून ठेवलंय, असं रोज झोपताना वाटायचं. मामाच्या बोलण्यात फट सापडत नव्हती. आतून मात्र वाटत होतं, हे चुकतंय.” गाडी यायच्या आदल्या आठवड्यात तिने सही करायचे कबूल केले.

याच वेळी सिस्टरने, म्हणजे ‘फेरपरीक्षे’ने, सरांना औषधांच्या खोलीच्या दारात गाठले. तिची संध्याकाळची पाळी असे. तिने जे विचारले त्याबाबत तिचे आणि सरांचे सांगणे तंतोतंत जुळते.

“सर, आजींना नेताय म्हणे.”

“नेतोय. तिला घरी पाहिजे.”

“कोणाला?”

“तिला. ताईला.”

“असं त्या म्हणाल्या? ‘मला’ म्हणाल्या?”

सर चिडून म्हणाले, “अगं, तिला एवढं लांब वाक्य येत असतं तर प्रश्नच मिटला नसता का?”

“मग ‘मला’ कुणी घातलं? तुम्हीच ना? आमच्या पेपरात असं केलं की तुम्ही लाल रेघ मारायचात, आणि बाजूला लिहायचात, कर्ता कुठे आहे. मला दोन वर्षं तीच रेघ मिळाली सर, तुमच्याकडून. ती मी कशी विसरेन?” तिने हातातला ट्रे सावरला. “सकाळच्या पाळीत विचारून आले मी. आजी हे वाक्य व्यायामाच्या सरांना म्हणत नाहीत. डॉक्टरांना म्हणत नाहीत. मला म्हणत नाहीत, आणि घरी सोडायचं माझ्यासारखीच्याच हातात असतं असं रुग्णांना वाटतं, ते आधी आम्हालाच विचारतात. त्यांच्या मुलीलाही म्हणत नाहीत. फक्त तुम्हाला. आणि तुम्ही पिशवीतून पेपर काढून तपासायला बसलात की.”

“संध्याकाळी माणसाला घर आठवतं.”

“असेल की. खिडकी उघडी असेल.” ती हसली. “म्हणजे मला माहीत नाही सर. मी फक्त म्हणते, बघायला तर पाहिजे.”

सर सांगतात की त्या क्षणी त्यांना तिचा राग आला, आणि तिच्यावर राग काढता येईना म्हणून ते जिन्यावर जाऊन बसले. तिथे बसल्या बसल्या त्यांनी शिकवायचे तसे हिशेबाने मांडून पाहिले. अर्थ तीन. एक, डॉक्टर म्हणतात तसा नुसता सवयीचा शब्द. तसे असेल तर तो कोणासमोरही, केव्हाही निघायला हवा. दोन, घराची ओढ. तसे असेल तर संध्याकाळी जो कोणी शेजारी असेल त्याला ताई ते सांगतील. तिसरा अर्थ त्यांनी मनातही पुरा होऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला फोन केला. भांडणानंतरचा पहिलाच. “संध्याकाळी तू बस. मी येत नाही. ती काही म्हणते का एवढं फक्त बघ.”

भाची दिवे लागल्यावर बसली, निजानीज होईपर्यंत बसली. ताई तिचा हात धरून शांत राहिल्या. एक शब्द नाही. पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सर दुपारी आले आणि उजेड असतानाच निघाले. ताईंनी डाव्या हाताने निरोप दिला, तोही हसून. मग एकदा ते मुद्दाम थांबले. खिडकीबाहेर अंधारले. सरांनी पिशवीतून पेपर काढले, चष्मा लावला. ताईंचा चेहरा कसनुसा झाला, आणि गळ्यातून, दर अक्षराला धाप लागत, आले:

“घरी… पाहिजे.”

सरांनी चष्मा काढला. “कोण, ताई? मी?”

ताईंनी डोळे मिटले आणि मान खाली केली. सिस्टर दारात उभी होती. ती म्हणते, मान स्पष्ट हलली. सर म्हणतात, त्यांना डोळ्यांतल्या पाण्याआडून नीट दिसले नाही. ज्या अवस्थेत ताई होत्या, त्या अवस्थेत होकार आणि नकार यांची गल्लत होते, हे मी वाचले आहे. म्हणून त्या एका मानेवर मी फारसा भार टाकत नाही. पण त्याआधीच्या संध्याकाळी मला पुरेशा वाटतात.

ताईंना म्हणायचे होते: तू घरी पाहिजेस. घरी बायको एकटी जेवतेय, तू इथे काय बसलायस. ज्या बाईला स्वतःसाठी पाणी मागता येत नव्हते, तिला सापडलेले पहिले दोन शब्द तिने धाकट्या भावाला घरी पाठवण्यात खर्च केले होते. आणि ज्याने हा शब्द आयुष्यभर शिकवला, त्याने नेमका तो चुकीच्या खणात टाकला.

मी सरांना विचारले की हे कळल्यावर पहिले काय वाटले. लाज, असे उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती.

“हायसं वाटलं,” ते म्हणाले. “माझा युक्तिवाद वैध होता हो, आजही आहे. पण त्याच्या खाटेखाली काय होतं? तिने मला वाढवलं, म्हणून मी तिला वाढवायला पाहिजे. जसंच्या तसं, मोजून. शेवटच्या धड्यात मीच शिकवत होतो, कृतज्ञता म्हणजे परतफेड नव्हे. परतफेड झाली की संबंध संपतो. कृतज्ञतेत तो चालू राहतो. मला ते पाठ होतं. आणि मी निघालो होतो ताईचे उपकार फेडून मोकळा व्हायला! तिची वाचा पणाला लावून. तीन बायकांनी मला वाचवलं. एकीने भांडून, एकीने विचारून, आणि एकीने धड बोलता येत नसताना हाकलून.”

त्या रात्री ते लवकर घरी गेले. दिवाणखान्यात कठड्यांची खाट तशीच उभी होती. पत्नीने ताट वाढले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बोलता येत नाही त्यांना कळलं, मी इथे एकटी बसते ते. तुम्हाला कळायला अहो, इतक्या जणी लागल्या.” एवढे बोलून त्यांनी अजून एक पोळी वाढली. सर सांगतात, त्या जेवणासारखे जेवण त्यांना आठवत नाही. गाडी सकाळी रद्द केली. राजीनामा फाडला.

भाचीची माफी मागायला ते बँकेत गेले, कारण तिच्या वेळेचा अपमान त्यांनी केला होता आणि तिची वेळ तिथे होती. काचेच्या पलीकडून ती म्हणाली, “मामा, टोकन घ्या.” अनोळखी खातेदाराशी बोलावे तशी. त्यांनी टोकन घेतले. बाकावर बसून राहिले. नंबर आल्यावर खिडकीशी जाऊन म्हणाले, “तुझ्याबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं, आणि खरं असतं तरी तो युक्तिवाद नव्हता. तुझी चूक काढण्यासाठी तुझ्या सोयीवर बोट ठेवलं. पहिल्या वर्षाच्या मुलीसुद्धा हे करत नाहीत.”

“करतात,” भाची म्हणाली. “आणि पासही होतात. बाकीचे थांबलेत, संध्याकाळी ये केंद्रात. म्हणजे, अंधार पडायच्या आत.” हे सांगताना ती हसली. मामाने माफी मागितल्याचे तिने आयुष्यात तेवढेच एकदा पाहिले, पण तिला ते पुरते, असे ती म्हणाली.

ताई केंद्रातच राहिल्या. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी घरच्यांना एकच नियम घालून दिला: त्यांचे वाक्य तुम्ही पूर्ण करायचे नाही. कितीही वेळ लागो. सरांना हा नियम सगळ्यांत जड गेला. शिक्षकाला अर्धे वाक्य दिसले की जीभ शिवशिवते. ते ओठ दाबून बसत, आणि ताई एकेक शब्द विहिरीतून काढावा तसा काढत. आधी भाचीचे नाव आले. मग ‘गरम’, मग ‘पुरे’. ‘बारक्या’ आले तेव्हा सर वऱ्हांड्यात जाऊन परत आले. उजवा हात पुरता आला नाही. चमचा धरण्याइतका आला.

मी ताईंना भेटले तेव्हा त्या हळू पण पूर्ण वाक्यांत बोलत होत्या. मला त्यांच्याकडूनच खात्री करून घ्यायची होती. तेव्हा ‘घरी पाहिजे’ म्हणताना तुमच्या मनात नेमके काय होते? त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले.

“ते दिवस… मला आठवत नाहीत. हा म्हणतो, तसं असेल.”

सर शेजारीच होते. त्यांना राहवले नाही. “पण ताई, समजा तसंच होतं. तर तुला मी घरी पाहिजे होतो, की मी घरी जाणं माझं कर्तव्य—”

“बारक्या,” ताई म्हणाल्या, “तुझा तास… इथे नको.”

म्हणजे साक्षीदार स्वतः साक्ष देत नाही. हे मी जसेच्या तसे लिहून ठेवते आहे. या हकिकतीचा कणा अनुमानाचा आहे. पण अनुमान सोडून दुसऱ्या कशाच्या आधारे आपण एकमेकांना समजून घेतो, हे मला सांगता येणार नाही. सरांच्या तासाची उपपत्ती शोधायला निघालेल्या मला त्या विषयाचा उपयोग असा दिसला, याबद्दल मी त्या चौघांची ऋणी आहे.

केंद्रातून सुटी देण्याची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी ताईंना समोर बसवून विचारले, “आता कुठे राहायचं ठरवलंय?” भाची एका बाजूला, सर दुसऱ्या. दोघांनीही आपापल्या घरी जागा करून ठेवली होती आणि दोघांनीही ते ताईंना सांगितले नव्हते. ताईंनी एकाकडे पाहिले, मग दुसरीकडे. तोंड उघडले आणि मिटले. भिंतीवरचा पंखा फिरत होता. सरांच्या ओठांवर उत्तर येऊन थांबले होते, हे भाचीला दिसत होते. पण ते बोलले नाहीत.

“मी,” ताई म्हणाल्या. थांबल्या. “मी लेकीकडे राहणार.”

मग भावाकडे वळून, तितक्याच सावकाश: “तू… वाईट वाटून घे. थोडं. मग ये… जेवायला.”

सरांनी वाईट वाटून घेतले. त्याच दिवशी त्यांनी ताईंची पिशवी उचलली, गाडीचे दार उघडे धरले, आणि भाचीच्या घरी पोहोचल्यावर पत्नीलाही फोन करून बोलावून घेतले. भाचीने चौघांसाठी चहा टाकला. पाण्याला उकळी येईपर्यंत सगळे नुसते बसून होते, आणि ताईंनी डाव्या हाताने त्यांना जवळ सरकायला सांगितले.